सेंट हेलेनाचा चार्ज

महसूल खात्यातील माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीपैकी पावणेतीन वर्षे अक्राणी महालात, म्हणजे धडगावला गेली. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. सारा कारभार धुळ्याहून चाले आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की धुळ्याची डाक शहाद्यालाच अडकून पडे. एका वर्षी वरच्या कार्यालयातून टंचाईचा आदेश आला. ज्या गावांत पिण्याच्या पाण्याचा तुटवडा असेल त्यांची यादी करावी, तेथे बैलगाडीने पाणी पोहोचवण्याची व्यवस्था करावी आणि आठ दिवसांत अनुपालन अहवाल सादर करावा, असे त्यात लिहिले होते. आदेश हाती पडला तेव्हा मृगाचे दोन पाऊस होऊन गेले होते, उदई नदी दुथडी भरून वाहत होती, आणि ज्या पाड्यांची नावे यादीत घालायची त्यांतील निम्म्यांना बैलगाडीची वाटच नव्हती. तेथे पाणी जायचे ते बाईच्या डोक्यावरच्या हंड्यातूनच. टपाल घेऊन आलेला आमचा शिपाई शिरपूरकडचा होता. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाला, “भाऊसाहेब, कागद उना, पन पाणी तं कवयच वही गयं.” मी निरंक अहवाल पाठवला. महिनाभराने, अहवाल निरंक का, याचा खुलासा मागवण्यात आला.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण असे की, निवृत्तीनंतर हौसेने जे काही वाचत गेलो त्यात सतराव्या शतकातील सेंट हेलेना या बेटाचा कारभार माझ्या पुढ्यात आला, आणि तेथील एकेका गव्हर्नराची हकिगत वाचताना मला हटकून त्या निरंक अहवालाची आठवण होत राहिली. सेंट हेलेना म्हटले की आपल्याकडे सर्वांना नेपोलियनच आठवतो. नेपोलियन तेथे पोहोचला १८१५ मध्ये. त्याच्याआधी दीडशे वर्षांहून अधिक काळ ईस्ट इंडिया कंपनीने ते बेट चालवले होते आणि त्यातील पहिली चाळीस वर्षे फार खडतर होती.

मी त्या बेटापर्यंत गेलो तो धरणगावच्या वाटेने. धरणगाव आमचे मूळ गाव. बालकवींचे जन्मगाव म्हणून ते साहित्यप्रेमींना ठाऊक असते आणि औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी केली ती तेथेच, हेही पुष्कळांनी ऐकलेले असते. मात्र औट्रमच्याही दीडशे वर्षे आधी, १६७४ मध्ये, इंग्रजांची वखार धरणगावात होती, ही गोष्ट मला स्वतःला वयाच्या साठीत, खानदेशाचे जुने गॅझेटिअर चाळताना कळली. दुसऱ्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ते गाव लुटले, १६७९ मध्ये पुन्हा लुटले, आणि १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने. लहानपणी शाळेत सुरतेच्या लुटीचा धडा आम्ही मोठ्या अभिमानाने वाचला. आपल्याच गावाची तीच गत झाल्याचे वाचताना मन जरा चरकले, हे कबूल केले पाहिजे. पण धरणगाव तेव्हा मोगलांच्या मुलखात होते, १६०१ मध्ये असीरगड पडल्यापासून सारा खानदेशच मोगलांचा सुभा होता, आणि शत्रूच्या मुलखातील भरली पेठ ही कोणत्याही फौजेसाठी भरले ताटच असते.

वखार धरणगावात कशासाठी होती? कापडासाठी. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारा मोठा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा खानदेशाच्या काळजातून जात असे. टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने याच वाटेने प्रवास केला आणि नवापूरच्या बारीक, सुवासिक तांदळाची तोंडभरून स्तुती लिहून ठेवली. पंचक्रोशीतील विणकरांचे कापड वखारीत जमा होई, तेथून सुरतेला जाई आणि सुरतेच्या बंदरातून कंपनीच्या जहाजात चढे. ही जहाजे आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला निघाली की वाटेत त्यांना विसाव्याचे एकच हक्काचे ठिकाण होते, आणि ते म्हणजे सेंट हेलेना. धरणगावच्या मागावर विणलेला एखादा तागा त्या बेटाच्या बंदरात नांगरलेल्या जहाजाच्या पोटात चार-आठ दिवस पडून राहिला असेल, असे मानायला मुळीच हरकत नाही. टॅव्हर्निएने तर दोन्ही ठिकाणे पाहिली होती. १६४९ मध्ये डच जहाजाने युरोपला परतताना तो सेंट हेलेनावर उतरला होता. तेव्हा तेथे वस्ती नव्हती. येईल त्या जहाजाच्या खलाशांनी पाणी भरावे, डुकरे मारावीत, लिंबे तोडावीत आणि पुढे चालू लागावे, असा मामला होता.

आता हे बेट आहे तरी केवढे? सुमारे १२२ चौरस किलोमीटर. आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्यात अशी नव्वदहून अधिक बेटे सहज मावतील. चारी बाजूंनी समुद्रातून सरळ वर आलेले काळे कडे, मधोमध ढगात बुडालेले हिरवे डोंगर, आणि आफ्रिकेचा किनारा जवळजवळ १,९०० किलोमीटर दूर. पोर्तुगीजांना ते १५०२ मध्ये सापडले, परंतु त्यांनी तेथे ठाणे बसवले नाही. त्या समुद्रात बारा महिने वारा आग्नेयेकडून वाहतो, त्यामुळे हिंदुस्थानातून आफ्रिकेचे टोक ओलांडून येणारे जहाज वाऱ्यावर स्वार होऊन थेट बेटावर येई आणि पुढेही त्याच वाऱ्याने इंग्लंडच्या वाटेला लागे. लंडनहून निघालेल्या जहाजाला मात्र हाच वारा समोरून येई. त्याला ब्राझीलच्या बाजूने मोठा वळसा घेऊन दक्षिणेला उतरावे लागे, आणि हिंदुस्थानकडे जाणारी बहुतेक जहाजे बेटाकडे न वळता तशीच पुढे निघून जात. याचा अर्थ असा की, बेटावरची तक्रार लंडनला जेवढ्या सहज पोहोचे तेवढ्या सहज लंडनचा हुकूम बेटावर पोहोचत नसे. गव्हर्नराच्या विरोधातले अर्ज वाऱ्याबरोबर जात होते आणि त्याला बळ देणारे कागद वाऱ्याविरुद्ध येत होते. ज्याने कधी आडरानात सरकारी नोकरी केली आहे त्याला यातील खोच निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

इंग्लंडमधली राजेशाही बाजूला सारून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलने १६५७ मध्ये कंपनीला जी सनद दिली तिच्या आधारावर कंपनीने हे बेट वसवायचे ठरवले, आणि १६५९ च्या मे महिन्यात कॅप्टन जॉन डटन काही माणसांनिशी तेथे उतरला. पुढे राजेशाही परत आल्यावर दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये नवी सनद दिली, आणि राजाचा भाऊ जेम्स याच्या नावाने किल्ल्याला जेम्स फोर्ट व खालच्या वस्तीला जेम्सटाऊन असे नाव पडले. डटनला दिलेल्या सूचना वाचताना मला वरच्या कार्यालयांची जात सर्व काळी सारखीच असल्याचा प्रत्यय आला. वाटेत केप व्हर्देच्या बेटांवर थांबून केळी, कंद, शेंगा, लिंबू-संत्र्यांची रोपे घ्यावीत आणि त्यांच्याबरोबर पाच-सहा काळे गुलामही विकत घ्यावेत, असे त्यांत सांगितले होते. रोपांच्या यादीत माणसे. लिहिणाऱ्या हाताला त्यात काही वावगे वाटल्याची खूण कोठेही दिसत नाही.

कंपनीला बेट हवे होते ते जहाजांसाठी. महिनोन्‌महिने खारवलेले मांस खाऊन स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या खलाशांना ताजे पाणी, पाला आणि फळे मिळावीत, आणि परतीची जहाजे तेथे एकत्र जमून डचांच्या भीतीपासून बचाव करीत ताफ्याने पुढे जावीत, एवढाच हेतू. या कामासाठी खर्च करावयास कंपनी तयार होती, पण आपल्या वखारींप्रमाणे या बेटानेही आपला खर्च आपण भागवावा अशी तिची सुप्त इच्छा कायम असे. येऊन राहणाऱ्या कुटुंबाला साधारण वीस एकर जमीन आणि दोन गायी, एकट्या पुरुषाला त्याच्या निम्मे, असा पुढे दंडक ठरला. मोबदल्यात त्याने बेटाचा पहारा करायचा, शत्रू आला तर हत्यार घेऊन किल्ल्यावर हजर व्हायचे. शेतकरी आणि शिपाई एकाच माणसात. त्याचे कंद आणि गुरे विकत घेणार कोण, तर येणारी जहाजे. त्याला कापड, लोखंड, दारू विकणार कोण, तर कंपनीचे कोठार. जहाजांना विकावे त्याचा भाव आणि कोठारातून घ्यावे त्याचा भाव, दोन्हींवर कंपनीचा हात. उधारीच्या वहीत नाव एकदा चढले की खाली उतरणे कठीण. आमच्याकडे सावकाराच्या ओट्यावर कापूस घालणाऱ्या शेतकऱ्याला निदान शेजारच्या गावच्या बाजाराची वाट तरी मोकळी होती. तेथे शेजारचे गाव म्हणजे समुद्र.

पहिले रहिवासी १६६६ च्या लंडनच्या आगीत घरे जळालेले लोक होते, अशी कथा फार काळ सांगितली जात असे. तिला कागदोपत्री आधार नाही. माझ्या मते ती कथा नंतरच्या रहिवाशांना आवडली याचे कारण, आपण हौसेने येथे आलो नाही, एवढे तरी ती सांगत होती.

गव्हर्नराची स्थिती या सर्वांहून विचित्र होती. तो किल्लेदार, तो न्यायाधीश, तो कोठारपाल आणि तोच कुळांचा जमीनदार. त्याला सल्ला द्यायला एक कौन्सिल, पण कौन्सिलातील माणसेही त्याच मूठभर वस्तीतील, त्याच उधारीच्या वहीतील, आणि पुष्कळदा त्याच्याच जागेवर डोळा ठेवून असलेली. रिचर्ड कोनी नावाच्या गव्हर्नराला तर १६७२ मध्ये कौन्सिलातील विरोधकांनी धरून सरळ परतीच्या जहाजात बसवले आणि इंग्लंडला पाठवून दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस डच चालून आले आणि नवे गव्हर्नर अँथनी बील यांना बेट सोडून ब्राझीलच्या किनाऱ्याला जावे लागले.

येथून पुढची कथा मला विशेष वाटते. बीलने ब्राझीलहून एक लहान जहाज समुद्रात पाठवले, हेतू हा की इंग्रजांची जहाजे बेट आपलेच समजून डचांच्या तोंडी जाऊ नयेत. त्या जहाजावर ऑलिव्हर नावाचा एक काळा गुलाम होता. त्याची गाठ पडली रिचर्ड मंडेन या आरमारी कप्तानाच्या ताफ्याशी. १६७३ च्या मे महिन्यात मंडेनने बेटाच्या मागच्या, पूर्वेकडील बाजूला एक तुकडी उतरवली. ऑलिव्हरने तिला कड्यावरची वाट दाखवली, मंडेनच्या जहाजांनी पुढून किल्ल्यावर तोफा डागल्या, आणि डचांनी शरणागती पत्करली. शिवकाळातील गडांच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना, गड पुढून लढतो आणि मागच्या कड्यावरून पडतो, हे नवीन नाही. तेथेही वाट ठाऊक होती ती राबणाऱ्यालाच. पुढे कंपनीने ऑलिव्हरला मालकाकडून सोडवून मुक्त केले आणि जमीन दिली. त्याच्यासारख्या बाकीच्यांना मात्र असे काही मिळाले नाही. मादागास्करहून माणसे भरून येणाऱ्या जहाजांनी बेटावर गुलाम उतरवून जावे, अशी व्यवस्था कंपनीने ठेवली होती, आणि शतक संपत आले तेव्हा, १६९५ मध्ये, कटाच्या संशयावरून काही गुलामांना अत्यंत क्रूरपणे ठार करण्यात आले.

या गुलामांचे मुख्य अन्न काय होते हे वाचून मी थबकलो. तेथे त्याला याम म्हणत, पण वनस्पती पाहिली तर तो आपल्या अळूचाच कंद. अळू खाजरे असते हे आपल्या घराघरात ठाऊक आहे आणि म्हणून आपण त्यात चिंच घालतो. त्या बेटावर हे कंद खाज जाईपर्यंत तासन्‌तास उकळत ठेवावे लागत, आणि उकळायला लाकूड लागे. लाकूड आणखीही कशाला लागे? चामडी कमावण्यासाठी झाडांच्या साली सोलून घेत आणि उघडे पडलेले झाड तसेच उभे वाळू देत. उरलेल्या रोपांचा समाचार शेळ्या घेत. पुढे अठराव्या शतकात एका गव्हर्नराने एबनीची झाडे वाचवण्यासाठी शेळ्या कमी कराव्यात असे लंडनला लिहिले, तेव्हा उत्तर आले की एबनीपेक्षा शेळ्यांची किंमत जास्त आहे, सबब शेळ्या मारू नयेत. सातपुड्याचे उघडे पडत गेलेले डोंगर मी रोज पाहिले आहेत, त्यामुळे या पत्रोत्तरावर अधिक काही लिहीत नाही.

मंडेनच्या ज्या तुकडीने कडा चढला तिचा नायक होता रिचर्ड केग्विन. कॉर्नवॉलमधील पेन्झान्सचा हा माणूस, मंडेनच्या ‘असिस्टन्स’ या जहाजावरचा लेफ्टनंट. बेट जिंकल्यावर मंडेनने त्यालाच गव्हर्नर म्हणून मागे ठेवले. तलवारीने घेतलेले बेट कायद्याने राजाचे झाले होते, ते डिसेंबर १६७३ च्या नव्या सनदेने राजाने पुन्हा कंपनीला दिले आणि पुढच्या वर्षी कंपनीचा नवा गव्हर्नर आल्यावर केग्विनने चार्ज त्याच्या हाती सोपवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १६७७ मध्ये, एडमंड हॅली हा विशीतील ज्योतिर्विद दक्षिणेच्या आकाशातील तारे मोजण्यासाठी तेथे आला. आकाश बहुधा ढगाळ असे आणि गव्हर्नराशीही त्याचे पटले नाही, तरी ३४१ ताऱ्यांची यादी करून आणि सूर्यबिंबावरून जाणारा बुध पाहूनच तो परतला.

केग्विन मात्र आपल्याकडे आला. मुंबई हेही तेव्हा बेटच, पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणात इंग्लंडच्या राजाला मिळालेले आणि १६६८ मध्ये त्याने वर्षाला १० पौंड खंडावर कंपनीला देऊन टाकलेले. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावर खांदेरीला किल्ला बांधायला घेतला, तेव्हा त्याला अडवण्यासाठी गेलेल्या इंग्रजी जहाजांत, ‘रिव्हेंज’ या जहाजावर, हाच केग्विन होता. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराशी त्याची मोठी झुंज झाली. इंग्रजांचे ‘डोव्ह’ नावाचे गुराब जातीचे जहाज मराठ्यांच्या हाती पडले, ‘रिव्हेंज’ने मात्र मराठ्यांच्या तारवांना पांगवले. तरीही खांदेरी काही हटली नाही. पुढच्या जानेवारीत इंग्रजांनी माघार घेतली. खांदेरीच्या लढाईची वर्णने मी शाळकरी वयापासून वाचत आलो, पण समोरच्या जहाजावरचा कप्तान आधी एका दुसऱ्या बेटाचा गव्हर्नर होता, हे कोणी सांगितले नव्हते.

यानंतर लंडनहून काटकसरीचे पत्र आले. कंपनीच्या कारभारावर तेव्हा जोसाया चाइल्ड या धनाढ्याचा पगडा होता आणि मुंबईच्या फौजेवर होणारा खर्च त्याच्या डोळ्यांत सलत होता. शिपाई कमी करावेत, अधिकाऱ्यांचे भत्ते बंद करावेत, अशी कलमे एकामागून एक आली. एकीकडे सिद्दीचे आरमार, दुसरीकडे संभाजी महाराज, तिसरीकडे मोगल, आणि त्यांच्या मधोमध बसलेल्या बेटाची फौज कमी करण्याचा हुकूम, तोही सात समुद्रांपलीकडून. २७ डिसेंबर १६८३ रोजी केग्विनने डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड यांना कैद केले, आम्ही कंपनीचे नव्हे, राजाचे चाकर, असे जाहीर केले आणि मुंबईचा कारभार स्वतः पाहू लागला. जवळजवळ अकरा महिने तो त्याने पाहिला. संभाजी महाराजांकडे वकील पाठवून तह केला. पुढच्याच वर्षी त्याच संभाजी महाराजांच्या फौजेने आमचे धरणगाव लुटले. मुंबई मात्र त्या काळात शाबूत राहिली. माझे मत विचाराल तर मुंबईला तोवर ज्यांनी ज्यांनी चालवले त्यांत आधीचा गव्हर्नर जेराल्ड आँजिए सोडला तर या बंडखोराचाच कारभार सर्वांत सुटसुटीत होता, कारण त्याला कोणाच्या पत्राची वाट पाहायची नव्हती.

आता १६८४ हे वर्ष लक्षात घेऊ. मुंबईत केग्विनचे बंड चालू असतानाच, ऑक्टोबर महिन्यात, सेंट हेलेनावरही उठाव झाला. कारणे ओळखीचीच होती. कर, कंपनीचे निर्बंध, परभारे व्यापाराची बंदी, आणि गव्हर्नर ब्लॅकमोर यांचा कडक हात. शेतकरी आणि काही शिपाई जमून जेम्स फोर्टवर चालून गेले. किल्ल्यातून गोळीबार झाला, काही जण जागीच पडले, आणि त्यानंतर खटले भरून काहींना फासावर चढवण्यात आले. त्यांच्या विधवा व पोरक्या मुलांच्या वतीने इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे अर्ज गेला, पण तो सुनावणीला घेतला जायला राजाच बदलावा लागला.

मुंबईत काय झाले? राजाने सर टॉमस ग्रँथम यांना पाठवले. वाटाघाटी झाल्या, नोव्हेंबर १६८४ मध्ये केग्विनने किल्ला त्यांच्या स्वाधीन केला आणि त्याला व त्याच्या साथीदारांना संपूर्ण माफी मिळाली. एकच कंपनी, एकच वर्ष, गुन्हाही एकाच जातीचा, किंबहुना मुंबईचा अधिक मोठा, कारण तेथे डेप्युटी गव्हर्नरच कैदेत पडला होता आणि परक्या सत्तेशी तह झाला होता. परंतु केग्विनच्या हाती किल्ला होता, तोफा होत्या, आणि खाडीपलीकडे तीन सत्ता टपून बसल्या होत्या. त्याला चिरडायला जावे तर बेटच हातचे जाण्याची भीती. सेंट हेलेनाच्या शेतकऱ्यांच्या हाती अळूचे कंद होते आणि पाठीशी समुद्र. बळी तो कान पिळी ही म्हण आपण बलवानाविषयी वापरतो. येथे ती उलट्या बाजूनेही लागू पडते, ती अशी की ज्याचा कान पिळता येत नाही त्याला माफी मिळते.

या फाशीमुळे बेट शांत झाले असते तर कंपनीचा हिशेब एक वेळ बरोबर म्हणता आला असता. १६९३ मध्ये किल्ल्यातील शिपायांनीच बंड केले. गव्हर्नर जोशुआ जॉन्सन मारले गेले आणि बंडखोर बंदरातील एक जहाज घेऊन पसार झाले. ही बातमी परतीच्या वाऱ्याबरोबर लंडनला गेली, आणि तिच्यावरचे उत्तर नेहमीप्रमाणे ब्राझीलचा वळसा घेत आले.

मी धडगाव सोडले तेव्हा चार्ज देताना यादीवर एकेक सही करून दिली होती. कपाटे तीन, त्यांपैकी एकाला कुलूप नाही, पेट्रोमॅक्स एक, नादुरुस्त, डेड स्टॉक रजिस्टर एक, असे सारे त्यात होते. केग्विनने मुंबईचा चार्ज दिला तेव्हा कंपनीच्या खजिन्यावर हात मारल्याचा आळ त्याच्यावर कोणाला घेता आला नाही. जो पैसा त्याने ताब्यात घेतला होता तो त्याने किल्ल्यात ठेवला होता आणि माफीबरोबर तो परत गेला. अकरा महिने तिजोरीच्या किल्ल्या कमरेला असलेल्या बंडखोराने असे वागावे, ही गोष्ट त्याला माफी देणाऱ्यांनाही थोडी अडचणीचीच वाटली असेल.

त्यानंतर तो पुन्हा राजाच्या आरमारात गेला. १६९० च्या जूनमध्ये वेस्ट इंडीजमधील सेंट क्रिस्टोफर या बेटावर, बास्तेर गावावरील हल्ल्यात, सैनिकांच्या पुढे चालत असताना तो मारला गेला. त्या मोहिमेत त्याच्याकडे ज्या जहाजाची कप्तानी होती ते ‘असिस्टन्स’च होते, ज्यावरून सतरा वर्षांपूर्वी तो सेंट हेलेनाच्या कड्याखाली उतरला होता.